तालमीच्या अभ्यासिकेत आलेले अकरा जुने संगणक, आणि ‘सगळ्यात हलकी लिनक्स कुठली?’

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतलं एक तालीम मंडळ स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांसाठी अभ्यासिका चालवतं. एका पतसंस्थेने शाखेतले संगणक बदलले आणि जुने अकरा मंडळाला देऊन टाकले. प्रोसेसरप्रमाणे बघितलं तर त्यात चार कोअर टू ड्युओ आहेत, पाच दुसऱ्या पिढीचे आय३ आणि दोन ॲटमवाले छोटे डबे. रॅम कुणाला २ जीबी, कुणाला ४. काहींवर विंडोज ७, काहींवर १०, आणि डेस्कटॉप दिसून माऊस हलेपर्यंत पाच-सात मिनिटं जातात. मुलांना फॉर्म भरायचे असतात, लेक्चर बघायची असतात, पीडीएफ वाचायच्या असतात, मराठी टायपिंग करायचं असतं. पैसे बेताचेच. कार्यकर्त्यांचं म्हणणं, ‘सगळ्यात हलकी लिनक्स कुठली तेवढं सांगा, टाकून घेतो आम्ही.’

तेवढंच सांगितलं तर महिन्याभरात सगळे संगणक परत कोपऱ्यात जातील आणि नाव लिनक्सचं खराब होईल. म्हणून आधी हलकेपणाचा हिशेब बघू.

लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी टाकायची फुकट ऑपरेटिंग सिस्टिम (ओएस), आणि ती अनेक नावांनी मिळते. अँटीएक्स ही हलक्या लिनक्समधली नावाजलेली. सुरू होऊन शांत बसली की साधारण २०० ते ३०० एमबी रॅम खाते. लुबुंटू ५००-६०० एमबीच्या आसपास, लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती ७०० ते ९००. म्हणजे सगळ्यात हलकी आणि मध्यम यांच्यात फरक अर्ध्या जीबीचा. आता मुलगा येऊन बसतो. फायरफॉक्स उघडतो. एका टॅबमध्ये लेक्चर, दुसऱ्यात फॉर्मची वेबसाइट, तिसऱ्यात जीमेल, चौथ्यात गेल्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकेची पीडीएफ. दीड-दोन जीबी तिथेच गेली. ब्राउझर अँटीएक्सवरही तोच आणि मिंटवरही तोच, वेबसाइटही त्याच. २ जीबीचा संगणक जगातली कुठलीही ओएस टाकली तरी अशा वापरात गुदमरणारच. ‘जुना पीसी लिनक्सने रॉकेट झाला’ असे व्हिडिओ बघता ना, त्यात तो माणूस फक्त मेनू उघडून दाखवत असतो, चार टॅब उघडून दाखवत नाही.

दुसरा खलनायक हार्ड डिस्क. फिरणाऱ्या तबकडीवर दर वेळी डोकं त्या जागी न्यायचं, तबकडी फिरून यायची, यात दहा-पंधरा मिलीसेकंद जातात. विखुरलेल्या लहान लहान फाइली वाचायच्या म्हटल्या तर सेकंदाला जेमतेम शंभर वाचनं होतात. विंडोज १० सुरू होताना अँटिव्हायरस, अपडेट आणि शोधसूची असे तिघे एकाच वेळी त्या डोक्याला पळवत असतात. तुमची पाच-सात मिनिटं जातात ती तिथे. साधी एसएसडी, म्हणजे तबकडी नसलेली डिस्क, हेच काम सेकंदाला हजारोंच्या संख्येने करते. तुमच्या आय३ बोर्डांवरचं सॅटा, म्हणजे डिस्क जोडायची खाच, जुनं, ३ गिगाबिटचं असणार, त्यामुळे एसएसडी तिच्या पूर्ण वेगाने धावणार नाही. न धावो. इथे प्रश्न वेगाचा नसून डोकं हलण्याचा होता आणि तो मिटतो.

तेव्हा पैसा जाणार रॅम आणि एसएसडीवर, कष्ट जाणार निवडानिवडीवर. ओएस फुकटच आहे, तिचा निर्णय शेवटी घेऊ.

पण त्याच्याही आधी एक काम, आणि ते आजच करा. हे संगणक पतसंस्थेतून आलेत. त्या डिस्कांवर सभासदांची आधार-पॅनची स्कॅन, ठेवींच्या याद्या, कर्जाच्या फाइली पडलेल्या असण्याची दाट शक्यता आहे. शाखेने ‘फॉरमॅट मारून दिलंय’ म्हटलं तरी तेवढ्याने माहिती पुसली जात नाही, साध्या रिकव्हरी सॉफ्टवेअरने वर येते. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच. कायदा नसता तरी पेठेतल्या लोकांच्या पासबुकाच्या गोष्टी अभ्यासिकेच्या टेबलावर नकोत. पेनड्राइव्हवरून एनवाइप हा डिस्क पुसणारा प्रोग्राम चालवा आणि प्रत्येक डिस्कवर शून्यांचा एक फेरा होऊ द्या. फिरत्या डिस्कला एक फेरा पुरतो. ५०० जीबीच्या डिस्कला दीड-दोन तास लागतील; रात्री लावून ठेवा. झालं की शाखेला तसं लेखी कळवा. त्यांनाही कागद लागतो.

आता निवड. अकराचे अकरा चालू करायचा हट्ट सोडा. अकरातून सात चांगले निघाले तर मी त्याला यश म्हणेन.

दोन ॲटम आधी बाजूला काढा. त्यांच्या बोर्डावर डी२५०० किंवा त्याच घरातलं काही असेल तर आतलं ग्राफिक्स पॉवरव्हीआरचं असतं आणि लिनक्समध्ये त्याला धड ड्रायव्हर कधीच मिळाला नाही. पडदा दिसेल, पण व्हिडिओ अडखळत राहील. डी५२५ असेल तर ग्राफिक्स इंटेलचं स्वतःचं, थोडं बरं. पण प्रोसेसर मुळातच अशक्त. याचं काय करायचं ते पुढे सांगतो.

चार कोअर टू ड्युओ बहुधा जी३१ बोर्डावर असतील. २००८ ते २०१० च्या दरम्यान आपल्याकडे असेंबल झालेल्या संगणकांत हाच बोर्ड भरमसाट खपला. त्याला डीडीआर२ रॅम लागते आणि चिपसेटचीच मर्यादा ४ जीबी. दोन खाचा, प्रत्येकी २ जीबी. या चारांपैकी ज्यांचे बोर्ड निरोगी आहेत ते दोन ठेवा, उरलेल्या दोघांच्या रॅम काढून यांना द्या. म्हणजे एक रुपया न घालता ४ जीबीचे दोन संगणक उभे राहतात. डीडीआर२ वर नवीन पैसे घालू नका, ते वाया जातील.

पाच आय३ हे तुमचं खरं घबाड. दुसऱ्या पिढीचा आय३, म्हणजे २०११ च्या सुमाराचा. बोर्ड एच६१ असेल, डीडीआर३ रॅम, १६ जीबीपर्यंत घेतो. दोन कोअर, चार थ्रेड. ८ जीबी रॅम आणि एसएसडी घातली की ब्राउझर, पीडीएफ आणि लिहिणं-वाचणं यासाठी हा संगणक अजून बरीच वर्षं कुठे जात नाही. सगळं बजेट या पाचांवर लावा.

निवडताना झाकण उघडायचंच. मदरबोर्डवरचे कपॅसिटर बघा. डोकं फुगलेलं किंवा तपकिरी द्रव सुटलेला दिसला तर तो बोर्ड बाद. मग धूळ. शाखा बाजारपेठेत होती की उद्यमनगरात, हे विचारून घ्या. फाउंड्री आणि लेथच्या आसपास वर्षानुवर्षं चाललेल्या संगणकात साधी माती नसते, बिडाची बारीक भुकटी असते, आणि ती वीज वाहते. असा सीपीयू न साफ करता ‘चालतो का बघू’ म्हणून बटण दाबू नका. बाहेर अंगणात नेऊन ब्लोअर मारा, पंखा बोटाने धरून मारा, नाहीतर तो उलटा गरगरून बेअरिंग जातं. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावा. रॅम काढून सोनेरी पट्टी खोडरबरने घासा. अर्धे ‘डिस्प्ले येत नाही’वाले संगणक एवढ्यानेच उठतात, मग दुकानदार बिल कशाचं का लावेना.

पुराचंही बघायला हवं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ ५५ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४३ ची. २०२१ ला पुन्हा पाणी आलं. तळमजल्यावरच्या बऱ्याच शाखा बुडाल्या आणि नंतर संगणक वाळवून परत लावले गेले. कॅबिनेटच्या तळाशी, एसएमपीएसच्या (वीजपुरवठ्याच्या डब्याच्या) जाळीत, स्क्रूंच्या खाचेत वाळलेल्या गाळाची बारीक रेघ दिसली तर समजा तो संगणक पाण्यात होता. चालत असला तरी त्याचा एसएमपीएस आधी बदला. आतून गंजलेला एसएमपीएस एक दिवस जाताना बोर्ड आणि डिस्क दोघांना घेऊन जातो, आणि तेव्हा समोर एखादा पोरगा फॉर्मची शेवटची तारीख गाठत बसलेला असतो.

बोर्डावरची गोल बॅटरी, सीआर२०३२, सगळ्यांची बदलून टाका. ती संपली की घड्याळ मागे २००९-१० वर जातं आणि मग प्रत्येक वेबसाइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून अंगावर येते. लोक ब्राउझरला शिव्या देतात, दोष असतो त्या चकतीचा. बॅटरी घातली की बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, एकदा जाऊन या. आय३ वाल्यांत सॅटाची पद्धत आयडीईवर असेल तर एएचसीआय करा, हे ओएस टाकायच्या आधी.

मग मेमटेस्ट. रॅमची चाचणी रात्रभर चालू ठेवा. ही पायरी सगळे टाळतात, आणि मग ‘लिनक्स मध्येच हँग होतं’ म्हणून फोन येतात. एकही लाल ओळ आली तर ती रॅम बाद. ‘एकच तर एरर आहे’ असं काही नसतं.

आता तुमचा मूळ प्रश्न, कुठली टाकायची?

सातही संगणकांवर एकच टाका: लिनक्स मिंट, एक्सएफसीई. (एखादा विंडोजवर ठेवावा लागला तर त्याचं पुढे सांगतो.) अँटीएक्स किंवा पपी टाकली तर कोअर टू ड्युओवर अर्धा जीबी वाचेल हे खरं. पण अभ्यासिका तुम्ही एकटे चालवत नाही. उद्या तुम्ही नसताना दुसरा कार्यकर्ता वायफाय जोडणार, प्रिंटर लावणार, आवाज वाढवणार. मिंटमध्ये या गोष्टी विंडोज वापरलेल्या माणसाला शोधाव्या लागत नाहीत. सात संगणकांना तीन वेगवेगळ्या लिनक्स म्हणजे तीन प्रकारच्या तक्रारी, आणि सांभाळणारा माणूस एकच.

मिंटमध्ये सिनॅमन नावाची देखणी आवृत्ती पण आहे, ती घेऊ नका. ती पडद्यावरचे सगळे परिणाम ग्राफिक्स चिपकडून करून घेते, आणि जी३१ मधली ती जुनी चिप त्याला पुरत नाही. एक्सएफसीईला अशी गरज नाही. कोअर टू ड्युओवर तर तिच्यातलं ‘कंपोझिटिंग’ही बंद करून टाका, खिडक्यांच्या सावल्या जातील, काही बिघडत नाही.

लुबुंटू का नको? चांगली आहे. पण लुबुंटू २४.०४ ला अपडेट २०२७ च्या एप्रिलपर्यंत, आणि त्याच पायावर उभ्या असलेल्या मिंट २२ ला २०२९ पर्यंत. अभ्यासिकेत जे लोक संगणक वापरणार त्यांना दर दोन-तीन वर्षांनी नवी ओएस टाकायची हौस नसते. त्यापेक्षा लांबची मुदत बरी.

क्रोमओएस फ्लेक्स ही गूगलची ओएसही कुणीतरी सुचवेलच. ४ जीबी रॅम आणि १६ जीबी जागेत चालते, सुटसुटीत आहे, नुसती लेक्चर बघायला छान. प्ले स्टोअर मात्र त्यात नाही, आणि गूगल ज्या यादीतल्या मॉडेलांची हमी देतं त्या यादीत आपले असेंबल केलेले डबे नसतात. चाललं तर चाललं असा प्रकार. सात संगणकांचा भार मी त्यावर टाकणार नाही.

डाउनलोड करताना ६४ बिटच घ्या. इथे बरेच जण घसरतात. ‘आमच्या पीसीवर ३२ बिट विंडोज आहे म्हणजे पीसी ३२ बिटचा’ असं नाही. त्या काळी रॅम ४ जीबीच्या आत असली की दुकानदार सरसकट ३२ बिट विंडोज टाकायचे, प्रोसेसर मात्र ६४ बिटचाच असायचा. तुमचे कोअर टू ड्युओ आणि आय३ दोन्ही ६४ बिट आहेत. ३२ बिटचा रस्ता आता बंदच होत आलाय. क्रोमने लिनक्सवर तो २०१६ लाच सोडला, ऑगस्ट २०२५ ला आलेल्या डेबियन १३ या लिनक्सला ३२ बिटचा इन्स्टॉलरच नाही, आणि फायरफॉक्सनेही १४४ व्या आवृत्तीनंतर ३२ बिट लिनक्स थांबवलं. जुन्या लेखांत ‘जुन्या पीसीला ३२ बिट टाका, हलकं पडतं’ असं वाचाल. ते सोडून द्या.

आणि हो, ‘विंडोज ११ लाइट’ नावाच्या आयएसओ (ओएस टाकायच्या फाइली) टेलिग्रामवर फिरतात, आधीच ॲक्टिव्हेट केलेल्या. कार्यकर्त्यांतला एखादा हौशी घेऊन येईलच. विंडोज १० ची साधी मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. ११ ला अधिकृतपणे आठव्या पिढीपासूनचा इंटेल आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. त्याची २४एच२ आवृत्ती तर एसएसई४.२ हा सूचनासंच नसलेल्या प्रोसेसरवर बूटच होत नाही, म्हणजे कोअर टू ड्युओचा विषय तिथेच संपला. आय३ वर खटपटी करून चढते. पण ज्या माणसाने ती आयएसओ छाटली त्याने आत काय काय घातलंय हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि त्याच संगणकावर मुलं आधारचा ओटीपी टाकणार आहेत. नाद करायचा नाही.

टाकण्याची पद्धत मोठी नाही. एका पेनड्राइव्हवर व्हेंटॉय हा प्रोग्राम टाका आणि त्यात मिंट, अँटीएक्स, क्लोनझिला अशा आयएसओ नुसत्या कॉपी करा. बूट होताना यादी येते. आधी ‘इन्स्टॉल न करता’ चालवून बघा: आवाज येतो का, लॅन चालतं का, मॉनिटरचा आकार बरोबर बसतो का. वायफायचा जुना ब्रॉडकॉम अडॉप्टर दिसत नसेल तर मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा, इंटरनेट लगेच मिळतं, मग ड्रायव्हर उतरवून घ्या. एक आय३ पूर्ण तयार करा: मराठी, प्रिंटर, ब्राउझर, सगळं. आठवडाभर मुलांना वापरू द्या, तक्रारी ऐका, दुरुस्त करा. त्यानंतर क्लोनझिलाने त्याच्या डिस्कची हुबेहूब प्रत काढून उरलेल्या आय३ वर मारा. प्रत्येकाचं नाव आणि मशीन-आयडी (लिनक्सने दिलेला ओळख क्रमांक) तेवढा वेगळा करायला विसरू नका, नाहीतर काही राउटर सगळ्यांना एकच समजून एकच आयपी देतात आणि मग एक चालू केला की दुसरा बंद पडतो.

रॅम ताणण्यासाठी झेडरॅम चालू करा. रॅमचाच एक भाग दाबून ठेवलेल्या मजकुरासाठी वापरला जातो. ब्राउझरचा निजलेला टॅब साधारण अर्ध्या ते तिसऱ्या हिश्शात मावतो, आणि डिस्कवर जावं लागत नाही. प्रोसेसरला थोडं काम वाढतं, पण ४ जीबीच्या कोअर टू ड्युओवर फरक स्पष्ट जाणवतो. जोडीला अर्लीऊम नावाचं छोटं पॅकेज टाका. रॅम संपत आली की सगळा संगणक गोठण्याआधी ते सगळ्यात खादाड टॅब मारतं. पोरगं म्हणेल ‘टॅब गेला’, पण बटण दाबून संगणक बंद करावा लागणार नाही.

ब्राउझरवर थोडा वेळ घालवा, कारण खरा भार तिथेच आहे. फायरफॉक्स ठेवा आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन टाका. नोकरीच्या जाहिरातींच्या वेबसाइट उघडून बघा. दोन ओळींच्या माहितीभोवती वीस हलत्या जाहिराती असतात. त्या थांबल्या की जुन्या प्रोसेसरचा अर्धा जीव वाचतो. क्रोमने जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन बंद केल्यापासून तिथे पूर्ण यूब्लॉक चालत नाही, हे फायरफॉक्स घेण्याचं मुख्य कारण.

यूट्यूब हल्ली व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ पद्धतीने पाठवतं. त्या काळच्या चिपांना त्या उलगडण्याची सोय नाही, सगळा भार प्रोसेसरवर पडतो. एच२६४इफाय नावाचं एक्स्टेन्शन टाकलं की यूट्यूब जुन्या एच.२६४ मध्ये व्हिडिओ देतं, ते उलगडायला बरंच स्वस्त. कोअर टू ड्युओवर ४८० वर ठेवा. फळ्यावरची अक्षरं ४८० ला वाचता येतात. आणखी एक, जे अभ्यासिकेतच कळतं: मुलं लेक्चर दुप्पट वेगाने बघतात. तीस फ्रेमचा व्हिडिओ दुप्पट वेगाने म्हणजे सेकंदाला साठ फ्रेम उलगडायच्या. ‘कालपर्यंत नीट चालत होतं’ अशी तक्रार आली तर आधी वेग विचारा. दुप्पट वेगवाल्यांना आय३ वर बसवा.

फॉर्म भरण्याबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. सायबर कॅफेत बघा, डाउनलोड फोल्डरमध्ये दोनशे माणसांची आधारकार्डं पडलेली असतात. तुमच्याकडे तसं व्हायला नको. मिंटच्या ‘लॉगिन विंडो’च्या सेटिंगमध्ये गेस्ट सेशनची परवानगी द्या आणि मुलांना फक्त त्यातूनच बसवा. बाहेर पडलं की त्या सेशनमधल्या फाइली, पासवर्ड, ब्राउझरचा इतिहास सगळं जातं. मुलांना पहिल्याच दिवशी ठासून सांगा की स्वतःचा पेनड्राइव्ह आणा किंवा मेलवर पाठवा, इथे काही राहत नाही. दोन दिवस कुरकुर होईल, मग सवय लागते.

फोटो-सहीच्या आकाराची भानगड असतेच. बँकांच्या आयबीपीएसच्या फॉर्मला फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी. जिंप या फोटोच्या प्रोग्राममध्ये जेपेग म्हणून निर्यात करताना पूर्वदृश्य चालू केलं की गुणवत्तेची पट्टी सरकवता सरकवता फाइलचा आकार तिथेच दिसतो. त्याचा एक कागद छापून भिंतीला चिकटवा. अनोळखी वेबसाइटवर सही अपलोड करून लहान करण्यापेक्षा हे कधीही बरं.

मराठी टायपिंगला वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भारताखाली मराठीचे लेआउट आहेत, त्यातला इनस्क्रिप्ट निवडा. ज्यांना इंग्रजी उच्चाराने टाइप करायची सवय आहे त्यांच्यासाठी कगप नावाचा लेआउटही तिथेच आहे. नोटो किंवा ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट टाका. जुन्या फॉन्टमधल्या वर्डच्या फाइली मात्र, सुरेखसारख्या, लिनक्सवर त्या फॉन्टशिवाय अगम्य दिसणार. त्या युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात. हे विंडोजवरही तसंच आहे, लिनक्सला दोष देऊ नका.

राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टायपिंगची तयारी करणारी मुलं असतील तर त्यांचं सराव सॉफ्टवेअर विंडोजचं असू शकतं. वाइन हे लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं साधन आहे, त्याने ते चालवायच्या नादी लागू नका. पाच आय३ पैकी एक, ज्याच्या कॅबिनेटवर विंडोजचं लायसन्स स्टिकर आहे असा, विंडोजवरच ठेवा आणि त्याची इंटरनेटची वायर काढून टाका. खेडोपाडीच्या दूध संस्थांतसुद्धा मी हेच सांगतो. तिथे फॅट मशीन जुन्या सिरीयल पोर्टने जोडलेलं असतं, सॉफ्टवेअर जुन्या विंडोजचं, पहाटे रांग लागलेली. तो संगणक सुधारायला जाऊ नये. नेटपासून तोडावा, रोज पेनड्राइव्हवर डेटा घ्यावा, आणि आहे तसा चालू द्यावा.

याच विंडोजवाल्या संगणकाला प्रिंटर लावा. कारण तुमच्याकडे बहुधा कॅनन एलबीपी२९०० असणार, आपल्याकडे दर दुसऱ्या झेरॉक्सच्या दुकानात तोच असतो. कागद ओढायला दणकट, पण त्याची भाषा कॅननची स्वतःची, आणि लिनक्सवर तो चालवणं म्हणजे संध्याकाळ घालवणं. एचपीचा लेसरजेट १०२० असेल तर जमतं. त्याला दर वेळी चालू झाल्यावर फर्मवेअर भरावं लागतं, ते एचपीचं प्लगइन एकदा टाकलं की आपोआप होतं. कॅननच असेल तर पीडीएफ पेनड्राइव्हवर घेऊन विंडोजवाल्या संगणकावरून छापा, आणि त्या संगणकावर ऑटोरन, म्हणजे पेनड्राइव्ह लावताच आपोआप काही चालू होणं, बंद ठेवा.

बाजूला काढलेल्यांचं बघू. डी५२५ निघाला तर त्यावर अँटीएक्स टाकून नुसता पीडीएफ आणि टायपिंगचा संगणक करता येतो, इंटरनेटशिवाय. इथे तिचं हलकेपण खरंच कामाला येतं. डी२५०० असेल तर सोडून द्या. उरलेले बोर्ड भंगारवाल्याला किलोवर घालू नका, ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत संस्थेला द्या. पुसलेल्या डिस्कांपैकी जिच्या स्मार्ट अहवालात (डिस्कच्या तब्येतीच्या अहवालात) रिअलोकेटेड आणि पेंडिंग दोन्ही आकडे शून्य आहेत अशी एक निवडून एका आय३ मध्ये दुसरी डिस्क म्हणून लावा, सगळ्या पीडीएफ तिथे ठेवा आणि लॅनवर सगळ्यांना वाचायला द्या. तीच पीडीएफ सात जणांनी सात वेळा उतरवायची गरज नाही.

तालमीच्या इमारतीचं वायरिंग जुनं असेल तर अर्थिंग तपासून घ्या, कॅबिनेटला हात लावून झिणझिण्या येत असतील तर आधी वायरमन, मग संगणक. आणि वळवाच्या दिवसांत, एप्रिल-मे मध्ये, ढग गडगडायला लागले की नुसता मेन स्विच पाडून भागत नाही. बाहेरून येणारी लॅनची वायरही काढा. वीज तिथूनही येते आणि बोर्डावरचं लॅन पोर्ट मरतं.

खरेदीला राजारामपुरीत जाल तेव्हा जुनी रॅम खिशात घालून न्या आणि तिचं स्टिकर दुकानदाराला दाखवा. तुम्हाला हवी ती डेस्कटॉपची डीडीआर३, ४ जीबीच्या दोन. एच६१ ला खाचा दोनच असतात. १६०० ची मिळाली तरी चालेल, दुसऱ्या पिढीचा आय३ ती १३३३ वर चालवतो. एक सापळा आहे: फारच स्वस्तातल्या काही रॅम फक्त एएमडीच्या बोर्डांवर चालतात, इंटेलवर डिस्प्लेच येत नाही. ‘इंटेल एच६१ वर चालली नाही तर परत’ असं बिलावर लिहून घ्या. एसएसडी अडीच इंची सॅटाच मागा. दुकानदार एम.२ वाली नवी, वेगवान म्हणून दाखवेल, पण तुमच्या बोर्डाला तिची जागाच नाही. १२८ किंवा २५६ जीबी पुरे. कॅबिनेटमध्ये अडीच इंचाची खाच नसली तर एका बाजूने दोन स्क्रू मारले तरी चालतं, तिच्यात हलणारं काही नसतं. सॅटाच्या वायरी नव्या घ्या, पेस्टची एक सिरिंज घ्या, आणि गोल बॅटऱ्या डझनाने.